चिखलवहीवाल्या साबळेबाई

साबळेबाई खेकड्याला अहो म्हणायच्या.

बिळाच्या तोंडाशी गाल टेकायच्या आणि आत बोलायच्या, "अहो, जरा बाहेर येता का? मोजायचंय फक्त. लगेच सोडते." पहिल्या दिवशी मी माझ्याच बांधावर उभा राहून हे ऐकलं आणि मला वाटलं, बाईचं घरी नवऱ्याशी बिनसलंय आणि नवरा इथं येऊन लपलाय.

आमचं गाव पळसदरीच्या धरणापासून चालत अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याला. भाताची खाचरं, खाचरांना बांध आणि बांधांत मुठे. मुठा म्हणजे शेतातला, गोड्या पाण्यातला खेकडा. बांध पोखरतो, भरलेलं खाचर रिकामं करतो, म्हणून दुश्मन. आणि रस्सा असा होतो की दुश्मनी विसरायला होते. कुठल्या बिळात मुठा आहे आणि कुठलं रिकामं, हे नुसतं बघून सांगणारा आमच्या गावात एकच माणूस. तो मी. मोठेपणा म्हणून सांगत नाही, बबनला विचारा. बबन माझा शेजारी, कर्जतच्या बाजारात मुठे विकतो. त्याचं माझं पन्नास वर्षं पटलेलं नाही, तरी एवढं तो कबूल करतो.

मी चौथीत शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं असं मास्तर सांगत फिरायचे, ते खोटं आहे. हे जे लिहितोय ते माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाइप करते. म्हटलं, आधी मी कागदावर लिहिणार, मग तुला काय करायचं ते कर. बाईंनी लावलेली सवय आहे ही.

बाई पुण्याच्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. वडील खोपोलीला कारखान्यात फिटर होते, आई अजून तिथंच. म्हणजे बाई आमच्याच मातीतल्या, पण शिकून शिकून भाषा धुतली गेलेली. चिडल्या किंवा हरखल्या की मूळची बोली वर यायची. पंचेचाळिशीच्या, बुटक्या. आवाज असा की बोलल्या की पलीकडच्या खाचरातले बगळे उडायचे. हसू त्याहून वेगळं. आधी नुसते खांदे हलायचे, आवाज नाही, मग एकदम कुकरची शिट्टी. आमची म्हैस पहिल्या आठवड्यात त्या शिट्टीला दोनदा दावं तोडून पळाली.

लावणी आटपल्यावर त्या आल्या आणि ओटीवर बसून म्हणाल्या, "आप्पा, तुमचा बांध मला चार महिने पाहिजे."

म्हटलं, "बांध न्या. भात ठेवा."

तेव्हा ती शिट्टी पहिल्यांदा ऐकली.

चपला पिशवीत आणि पाय चिखलात, ही त्यांची रीत. हात मोकळे राहावेत म्हणून उघडी छत्री दोरीनं पाठीला बांधायच्या. लांबून बघितलं की कासव बांधावर चढतंय असं वाटायचं. पिशवीत वही, फूटपट्टी, आणि नखांना लावायच्या रंगाच्या बाटल्या, लाल, गुलाबी, निळी. ते नखांसाठी नव्हतंच. मुठा पकडायचा, पाठ पुसायची, नंबराप्रमाणे ठिपके द्यायचे, फुंकर मारून वाळवायचे आणि "या हं" म्हणून सोडायचा. बिळाशी त्याच नंबराची बांबूची काडी रोवायची. असे वीस मुठे, वीस काड्या. मुठा हिंडून फिरून आपल्याच बिळात परत येतो का दिसेल त्यात घुसतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, आपल्याच येतो, त्याला चार महिने कशाला? म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे. मला माहीत व्हायचंय."

आता खरी गोष्ट. संध्याकाळी बाई आमच्या ओटीवर बसायच्या, पाय बादलीत, आणि फोनवर लिहायच्या. त्यांचा ब्लॉग होता, नाव चिखलवही. आज काय बघितलं, काय चुकलं, उद्या काय करणार. वर मराठीत, खाली इंग्रजीत, सोबत फोटो आणि सगळी मोजमापं. कुणीही वाचा, कुणीही घ्या. माझी सून मनीषा भाकऱ्या झाल्या की ते आम्हाला वाचून दाखवायची.

मी विचारलं, "म्हंजे तुमी जे शोधता ते रोजच्या रोज गावभर सांगता?"

"गावभर नाही आप्पा, जगभर."

"आनि कुनी चोरलं तर?"

"चोरायला ठेवलंय कुठे? देऊनच टाकलंय."

हे काही माझ्या पचनी पडेना. माझ्या आज्यानं मुठ्याची जागा सख्ख्या भावाला सांगितली नव्हती. बापानं मला सांगितली ती मिशी फुटल्यावर. आणि ही बाई रोज संध्याकाळी पाय बादलीत ठेवून दुनियेला सांगते.

एकदा त्यांनी एका मादीला नर लिहिलं. तासाभरात केरळातल्या कुणा विद्यार्थ्यानं फोटो बघून चूक काढली. मला वाटलं, आता बाईचं तोंड पडणार. बाई ओटीवर उठून उभ्या. "पकडलं मला त्यानं. आप्पा, पकडलं बघा." जसं कुणी साडी-चोळी पाठवली. मग मला समजावलं, "उघड्यावर ठेवलं की वास लवकर येतो. डब्यात कोंबलं असतं तर वर्षभर मीच खात बसले असते."

मुठ्यांचा मेकअप कर्जतपर्यंत गाजला, तो बबनमुळे. त्याच्या टोपलीत तीन नंबर सापडला. एका गिऱ्हाईकबाईनं विचारलं, हे लिपस्टिकवाले कुठले? बबन घाबरला आणि टोपलीसकट परत आला. पण सतरा नंबरचं आमच्याच घरी झालं. मी नातेवाइकांकडे गेलो होतो, हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, अनसूयेनं, म्हशीला पाणी पाजायला गेल्यावर चार मुठे धरून आणले आणि बाईंनाच जेवायला बोलावलं. बाईंनी रश्श्यात हात घातला, कवच उलटं केलं आणि थांबल्या. गुलाबी ठिपके, शिजूनसुद्धा गेले नव्हते.

ही म्हणाली, "काय गं बाय, मीठ जास्त झालं का?"

बाईंचे खांदे हलायला लागले. कवच धुतलं, फूटपट्टीनं मोजलं, वहीत लिहिलं, आणि मग उरलेला सतरा नंबर शांतपणे खाल्ला. त्या दिवशीच्या चिखलवहीत शेवटची ओळ होती: "सतरा नंबर आज दुपारी आप्पांच्या घरी भेटले. रस्सा उत्तम." सतराची काडी त्यांनी काढली नाही. आठवण म्हणून राहू दिली.

माझंही नाव त्यात यायचं. "आप्पा म्हणतात, तोंडाशी माती ताजी असेल तर मालक घरात." पण नुसतं लिहून थांबल्या नाहीत, तीन दिवस तपासलं. मी सांगेन, त्या हात घालून बघतील. तीन दिवसांत मी एकदाच चुकलो आणि ते बीळ उंदराचं होतं. तेही लिहिलं.

"ते उंदराचं खोडा," मी म्हटलं.

"खोडत नाही आप्पा. ते खोडलं तर बाकीचंही खोटं वाटेल."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी तेही लिहिलं.

तर श्रावण संपत आला असताना बबन माझ्या अंगणात आला. तोंडावर ते त्याचं हसू. "दामू, तुज्या बांधाचा फोटो नेटवर हाय. काड्या-बिड्या लावून. आता शनवारी धरनावर येनारे पाव्हने वाकडी वाट करून तुज्याकडंच येतील. मेनूकार्ड छापलंस रं."

ते मेनूकार्ड माझ्या डोक्यात गेलं ते बाहेर येईना. रविवारी बाई आईला भेटायला खोपोलीला गेल्या. बुरबुर पाऊस होता, बांधावर कुणी नव्हतं. मी गेलो आणि एकेक काडी उपटून चार हात खाली, उताराच्या अंगाला, एकेका रिकाम्या बिळाशी रोवली. काडी बघून हात घालणाऱ्याला हवा मिळावी. बाईंचं काय, त्या मुठ्यांना तोंडानं ओळखतात, असा माझा हिशोब. सोमवारी आल्या की सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो.

पण सोमवारी मी पोचायच्या आधीच बाई बांधावर नाचत होत्या. खरंच नाचत होत्या, पाठीवरच्या छत्रीसकट. "आप्पा, सगळे हलले. एकजात सगळे. काडीपाशी कुणी नाही, सगळे चार हात वर चढलेत."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि मलाही गोल फिरवलं. आता फिरता फिरता माणूस कसं सांगणार?

आणि वरचा देवही असा की मंगळवार-बुधवार पाऊस कोसळला. खालचा बांध पाण्याखाली गेला. बाईंचे डोळे एवढाले झाले. "आप्पा, त्यांना आधीच कळलं होतं पाणी येणार. हे कुणी लिहिलेलं नाही आजवर." रात्रीचं जेवण विसरल्या आणि लिहिलं. सकाळपर्यंत कुठून कुठून माणसं चिखलवहीत येऊन बसली. ब्राझीलची एक बाई, जपानचे एक म्हातारे प्रोफेसर, तो केरळातला चूक काढणारा. सगळे विचारताहेत, पुढे काय, पुढे काय. खाली बाईंनी लिहिलं होतं, "मला स्वतःलाच खात्री नाही. यात चूक असेल तर कुणीतरी दाखवा."

दाखवणारा एकच होता आणि तो ओटीवर भाकरी चावत बसला होता.

दोन दिवस मी गप्प. माझा स्वभाव तसा, चुकलं हा शब्द माझ्या तोंडातून कुणी ऐकलेला नाही. म्हटलं, होईल जुनं, विसरतील. मग तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मनीषानं एक नवीन वाचून दाखवलं. नदीकाठच्या कुठल्या गावातला माणूस होता. त्यानं लिहिलं होतं, आमच्याकडे दरसाल पाणी शिरतं, रात्र रात्र आम्ही जागून काढतो. आता काठावरच्या खेकड्यांवर लक्ष ठेवू. ते जागचे हलले नाहीत तर निवांत झोपू.

मनीषा म्हणाली, "बघा आप्पा, आपल्या मुठ्यांमुळं कुनाचं भलं व्हतंय."

हातातला घास मी ताटात ठेवला. मुठे काही हलणार नाहीत. मुठे हललेच नव्हते. हा माणूस पोराबाळांना घेऊन निवांत झोपणार, माझ्या भरवशावर. हात न धुताच मी उठलो.

बाई बांधावर बिळाशी बोलत होत्या.

"बाई, मुठे हलले नाय."

"म्हणजे?"

"काड्या हलल्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काडीकडे बघितलं, माझ्या बरबटलेल्या हाताकडे बघितलं आणि तिथंच चिखलात फतकल मारून बसल्या. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मग शिट्टी. पलीकडचे सगळे बगळे उडाले.

"म्हणजे आप्पा, या आख्ख्या बांधावर एकच प्राणी हलला आणि तो तुम्ही."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांचे पुण्याचे मोठे सर. बाईंनी हसत हसतच सगळं सांगून टाकलं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "ते पान काढून टाका. गुपचूप. चार दिवसांत लोक विसरतील. नाहीतर पुढे तुमचं कुणी खरं मानणार नाही."

"सर, तो पूरवाला माणूस विसरणार नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हा मी त्यांचं हसू नसलेलं तोंड पहिल्यांदा बघितलं. लहान दिसत होत्या. बोटानं चिखल उकरत म्हणाल्या, "हसतील लोक. हसू देत. मीही हसलेच की." मग माझ्याकडे वळल्या. "आप्पा, तुमचं नाव घालू का? नको असेल तर लिहिते, कुणीतरी काड्या हलवल्या."

मला ते कुणीतरी लागलं. माझ्या बांधावर, माझ्या हातानं केलेलं काम आणि ते कुणीतरी केलं? इतकी वर्षं चुकलं म्हणालो नाही तो अभिमान एका बाजूला आणि हा अभिमान दुसऱ्या बाजूला. दुसरा वजनदार निघाला.

म्हटलं, "कागद द्या."

छत्रीखाली बसून मी लिहिलं: "मुठे हलले नाहीत. काड्या मी हलवल्या. चोर फसवायला. पाणी येणार का ते मुठ्याला विचारू नका, जागे रहा. चूक माझी, बाईंची नाही. दामू, चौथीपर्यंत." बाईंनी त्या कागदाचा फोटो काढून सगळ्यात वर लावला. खालचं जुनं लिखाण पुसलं नाही, त्यावर नुसती रेघ मारली, वाचता येईल अशी.

त्या रात्री आमच्या ओटीवर जत्रा. मनीषा एकेक वाचतेय आणि आम्ही लोळतोय. केरळवाल्यानं लिहिलं, मागच्या साली माझ्या नंबरांच्या चिठ्ठ्या बकरीनं खाल्ल्या आणि मी लिहिलं प्राणी नाहीसे झाले, आज कबूल करतो. ब्राझीलच्या बाईच्या आईनं तिचे प्रयोगाचे मासे तळले होते. जपानचे प्रोफेसर म्हणाले, तरुणपणी मी एकच खेकडा महिनाभर वेगवेगळा समजून मोजत होतो, हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा आप्पा, सगळ्यांचे डबे उघडले." आणि अगदी खाली तो नदीकाठचा. "आप्पा, बरं झालं सांगितलंत. जागेच राहू."

बायको मात्र हसली नाही. म्हणाली, "लग्न झाल्यापासनं मला कवा चुकलं म्हनले नाय. ब्राझीलच्या बाईला म्हनले."

मग दोन दिवस मी बाईंना एकेक काडी मूळच्या जागी लावून दिली. मला प्रत्येक बीळ पाठ. एकोणीस काड्या बिनबोभाट बसल्या आणि खाल्लेला सतरा सोडून सगळे मुठे आपापल्या घरीच सापडले, म्हणजे मी पहिल्या दिवशी सांगितलं तेच. विसावी राहिली. पळसाच्या खुंटाशी दोन बिळं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि वीस नंबर त्या पावसापासून दिसलाच नव्हता.

"डावीकडचं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"पुरावा?"

"मी."

बाईंनी लिहिलं, "वीस नंबर: आप्पा म्हणतात डावीकडचं." आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. भात पोटरीला आलं, पिकलं, कापलं, तरी ते प्रश्नचिन्ह तिथंच. रोज संध्याकाळी मी विचारायचो, काढलं का? रोज त्या म्हणायच्या, पुरावा आणा, लगेच काढते. जगात माझ्या नावापुढं प्रश्नचिन्ह, आणि ते बघायला जपानचे प्रोफेसर. मनीषाला म्हटलं, तू काढ गं. ती म्हणाली, आप्पा, ते तसं निघत नाय.

मग त्यांचा जायचा दिवस आला. टेंपो अंगणाशी लागला, बादल्या चढल्या, काड्यांची मोळी चढली. मला निरोप-बिरोप जमत नाही, मी बांधावर निघून गेलो. खाचर कोरडं, बांध उन्हात तापलेला. पळसाच्या खुंटाशी आलो तर उजवीकडच्या बिळाच्या तोंडाशी एक मुठा ऊन खात बसलेला. पाठीवर अर्धे पुसलेले ठिपके. वीस नंबर. म्हटलं, तो काय, पावसानंतर बदलला असेल घर. पण त्याच्याच शेजारी मातीतून बोटभर बांबू वर आलेला. तेव्हा आठवलं. काडी उपटताना कट् वाजलं होतं. टोक मोडून आतच राहिलं होतं. उजवीकडं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्या टोकावर पाय ठेवला. खोटं कशाला बोलू, ठेवला. तिकडं टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला.

मग पाय उचलला, टोक उपटलं, लेंगा वर धरला आणि पळालो. या वयात मी एवढा कधी पळालो नव्हतो. टेंपो रस्त्याला लागत होता. ही आणि मनीषा कडेला उभ्या, बबनही होता.

"बाई," मी ओरडलो, "उजवीकडचं. माझं चुकलं."

बबन म्हणाला, "काय म्हनलास रं दामू? जरा मोट्यानं."

"चुकलं म्हनलं माझं. बहिरा हायेस का?"

"दोन," आमची ही बोटं मोजत म्हणाली.

टेंपो थांबला. बाईंनी मोळीतून वीस नंबरची काडी उपसली, माझ्या हातातलं टोक घेतलं, एकमेकांना लावून बघितलं. बसलं, असं बसलं की फट दिसेना. खांदे हलायला लागले. शिट्टी झाली. म्हैस बांधलेली होती म्हणून बरं. ड्रायव्हरनं हॉर्न मारला आणि टेंपो निघाला.

बाई मागं उलट्या बादलीवर बसलेल्या, पाय अनवाणी, मांडीवर ती काडी. मी हात वर केला, चांगला वर केला. बाईंचं लक्ष नव्हतं. मान खाली घालून, दोन्ही अंगठ्यांनी, त्या लिहीत होत्या.